रेजिना टीचरचा कोळी डान्स

सुरुवातीलाच सांगून टाकते, रेजिना टीचर डान्सच शिकवायची. आमच्या बेव्हर्ली पार्कच्या सोसायटीत आजही कुणी म्हणालं ना, की "अगं ती खुर्चीवाली बाई, ती कसला डान्स शिकवत होती," तर मी जेवता जेवता भांडायला उठते. आई म्हणते, सायली, आधी पोळी संपव. मी म्हणते, आई, आधी हे.

तर खुर्ची. आम्ही दादरहून इथे राहायला आलो तेव्हा मी अकरावीत होते. क्लबहाऊसच्या बोर्डवर एक वहीचा कागद लागलेला. 'डान्स. कोणीही. शनिवार-रविवार चार वाजता. रेजिना.' बस. ना फोटो, ना 'वेस्टर्न, बॉलिवूड, फ्रीस्टाइल'. मला वाटलं सोसायटीच्या गणपतीसाठी गाणी बसवणार असतील. मी नवीन शूज घालून, केस घट्ट बांधून, फुल तयारीत गेले. आत सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. भिंतीवरच्या मोठ्या आरशावर चादर टाकलेली. आणि पन्नाशीची एक सडसडीत बाई, ट्रॅकपँट, वर पुरुषी शर्ट, पायात काहीच नाही.

"बस," ती म्हणाली.

मी बसले.

"उठ."

उठले.

"आता काय केलंस?"

"उठले."

"कशाने?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "पायाने?"

"परत कर. बघ."

चाळीस मिनिटं. मी चाळीस मिनिटं उठत-बसत होते, आणि मला तेव्हा कळलं की मी उठताना आधी मान पुढे टाकते, मग छोटासा श्वास घेते, मग डावा हात गुडघ्यावर ठेवते. सेम माझ्या आईसारखं. म्हणजे इतकी वर्षं मी उठत होते तेव्हा माझी आईच उठत होती. मला एकदम कसंतरी झालं. म्हणून मी म्हटलं, टीचर, मला खरा डान्स पण येतो, आणि शाळेच्या गॅदरिंगचा एक तुकडा करून दाखवला. तिने तो अगदी शेवटपर्यंत, न हसता बघितला.

"छान," ती म्हणाली. "कुणाचाय?"

"म्हणजे?"

"हा डान्स कुणाचाय? तुझा तर नाय."

मी घरी येऊन रडले. आणि दुसऱ्या दिवशी चारला दहा मिनिटं कमी असताना दारात हजर.

तिला अहो-जाहो केलेलं चालायचं नाही. "अहो म्हटलं की माझे खांदे वर जातात, बघ," म्हणायची आणि खरंच दाखवायची. म्हणून आम्ही सगळे 'टीचर, तू'. सकाळी ती एका शाळेत पीटी घ्यायची, संध्याकाळी घरी उत्तनला. ती तिथल्या कोळीवाड्यातली, ख्रिश्चन. आमच्याशी आपलं मुंबईचं मराठी बोलायची, पण चिडली किंवा खूष झाली की गावचं बाहेर यायचं, हाय आणि न्हाय. तिचं सगळ्यात आवडतं वाक्य त्यातलंच होतं. आपण हात जरा जास्त लांबवला, मान उगाच झटकली, तोंडावर भाव आणला, की मागून आवाज यायचा, "हाय तेवढाच कर." आणि चेहऱ्यासाठी वेगळं होतं, "तो घरी ठेवून ये."

ती फाइव्ह-सिक्स-सेव्हन-एट कधीच म्हणायची नाही. तिच्याकडे किचनमधला टायमर होता, टोमॅटोच्या आकाराचा, लाल, देठ तुटलेला. तो पिळून खाली ठेवायचा. तो टिकटिकत राहणार आणि वाजला की डान्स संपला. हात हवेत असो, पाय हवेत असो, संपला. एकदा मी म्हटलं, टीचर, दोनच सेकंद राहिले होते गं. ती म्हणाली, "मग ते दोन सेकंद आता जगात कुठे तरी हायत. जाऊ दे."

तिच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे वेगळाच ताप. मध्येच थांबायची. एकदा आमच्या गेटपाशी सिलिंडरवाला भरलेला सिलिंडर खांद्यावर घेत होता. तिने माझा दंड धरला. "कंबर बघ. कंबर बघ त्याची. याला कुणी शिकवलं?" तो घाबरला. "क्या हुआ मॅडम?"

"कुछ नहीं भैया. एक बार और उठाओ ना."

तो बिचारा हसला, सिलिंडर खाली ठेवला आणि परत उचलला, पण आता जरा छाती फुगवून, हिरोसारखा. टीचरचं तोंड पडलं. "गेला," मला म्हणाली. "आता चेहरा आला त्यात."

ती कुठे शिकली यावर आमच्यात पैजा लागायच्या. कोणी म्हणायचं जर्मनीत होती. शेवटी मी विचारलंच.

"होते की. दोन वर्षं. लय थंडी."

"मग परत का आलीस?"

"तिथे एक मोठा माणूस होता डान्सवाला. मला म्हणाला, तू चालतेस कशी, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, डोक्यावर माशांची टोपली घेऊन. तो म्हणाला, आम्हाला शिकव. मी तीन महिने लोकांना चालायला शिकवलं. मग वाटलं, च्यायला, टोपली तर घरी हाय."

आता गणपतीचा किस्सा, कारण लोकांना तोच माहितीये आणि चुकीचा माहितीये.

सोसायटीचे सेक्रेटरी देशमुखकाका. माणूस वाईट नाही, पण कार्यक्रम म्हटला की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी टीचरला बारा मिनिटं दिली. आम्ही सहा जण, सहा खुर्च्या, म्युझिक नाही. फक्त उठणं, बसणं, खुर्ची बदलणं, आणि मध्येच एकाची खुर्ची नसणं. तिसऱ्या मिनिटाला मागून आवाज, "स्पीकर बंद पडलाय का?" चौथ्या मिनिटाला देशमुखकाकांनी साउंडवाल्याला खूण केली आणि त्याने धडाम करून ढोलवालं गाणं लावलं. आम्ही सहाही जण अर्धे उठलेले, तसेच अडकलो.

टीचर स्टेजच्या मागून आली. पळत नाही, घाईत नाही, तिची ती नेहमीची टोपलीवाली चाल. स्विचबोर्डापाशी गेली, स्पीकरची पिन उपटली आणि हातात धरून उभी राहिली. आम्हाला म्हणाली, "चालू ठेवा."

"टीचर, अहो, लोकांना एंजॉय करायचंय," देशमुखकाका.

"करू दे ना. मी कुठे कुणाला धरलंय?"

उरलेली आठ मिनिटं ती पिन हातात घेऊन तशीच उभी. अर्धे लोक वडापावच्या स्टॉलवर गेले, कोणी शिट्टी मारली, पहिल्या रांगेतलं एक बाळ मात्र आम्ही बसलो की हसायचं, उठलो की गप्प. टोमॅटो वाजला. टीचरने पिन स्वतःच्या हाताने परत लावली. "घ्या. आता वाजवा तुमचं."

लोक सांगतात की तिने स्पीकर तोडला. नाही तोडला. पिन काढली, पिन लावली.

पुढच्या आठवड्यात बोर्डावर नोटीस, क्लबहाऊस शनि-रवि योगासाठी. देशमुखकाका गेटवर तिला समजावत होते, "थोडं तरी लोकांच्या आवडीचं केलं असतंत, तर मला बोलता आलं असतं कमिटीत."

"साहेब, मी तुमचं पाणी बंद नाय केलं. गाणं बंद केलं. बारा मिनिटं."

सहापैकी आम्ही चौघी उरलो. भाईंदर वेस्टहून उत्तनची बस पकडायची, उतरायचं आणि समुद्राकडे चालायचं. तिथे बांबू उभे-आडवे बांधून, त्यांना दोऱ्या ताणून उंच मांडव केलेले असतात, बोंबील सुकवायला. त्याला वलांडी म्हणतात. आमचा नवीन क्लासरूम वलांडीखाली. आरशावर चादर टाकायची गरजच नाही.

आणि तिथे होती लुसीआजी, टीचरची आई. ऐंशीच्या आसपास, लुगडं, तोंडात सतत काही ना काही टोमणा. पहिल्याच दिवशी आम्ही वाळूत डोळे मिटून चालत होतो, तर म्हणाली, "रेजी, ह्या नाचाया आल्यात का वारा खायाला?"

"नाचतायत, आये."

"मना तर हरवल्यात असं दिसतं."

पण आजी कामाला लागली की आम्ही तिचे हात बघत बसायचो. टोपलीतून दोन्ही हातात एकेक ओला बोंबील. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात. मनगटाचा एक झटका आणि जोडी दोरीवर, एक इकडे लोंबतोय, एक तिकडे. टक. पुढची. टक. ती हातांकडे बघायचीसुद्धा नाही, बघायची समुद्राकडे, आणि आम्हाला शिव्या घालायची. टीचर मला म्हणाली, "माझी सगळी कोरिओग्राफी ही बाई आधीच करून बसलीय. मी फक्त बघायला उशीर केला."

त्यातून 'जोडी' नावाचा डान्स झाला. दोघींनी एकमेकींना धरायचं आणि बाहेरच्या बाजूला पडायचं, म्हणजे खरंच पडायचं, वजन सोडून. आम्ही बोटांत बोटं घालून करत होतो आणि सटासट वाळूत आपटत होतो. आजी टोपलीवरून ओरडली, "बोटांनी न्हाय गं. तोंडात तोंड. अडकवा." मग आम्ही कोपरात कोपर अडकवलं आणि मागे गेलो. टिकलं. एकीने सोडलं असतं तर दोघी गेलो असतो, म्हणून कुणीच सोडलं नाही.

आमच्यात किंजल होती. जैन घरातली, माशाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी ती घाबरत म्हणाली, "टीचर, मी नाही हात लावू शकत हां."

"नको लावू. रिकामा हात कर. पण वजन विसरायचं नाय."

तर आम्ही तिघी खरे बोंबील घेऊन, अंगाला वास, हाताला काटे, आणि किंजल शेजारी हवेत. महिनाभराने आजी कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर उभी राहिली. "ह्या पोरीच्या हातात बोंबील दिसतो," किंजलकडे मान करून म्हणाली. "तुमच्या हातात हाय, तरी दिसत न्हाय."

किंजलने हे घरी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही.

मी टीचरला कधी कुणाकडे काही मागताना बघितलं नाही. पण त्या थंडीत आजीचे अंगठे सकाळी सुजायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, ओल्यातलं काम बंद करा. आजी म्हणाली, हा सीझन करते, मग बंद. बसची वाट बघताना टीचर एकदम म्हणाली, "आयेला एकदा स्टेजवर न्यायचंय. खऱ्या स्टेजवर, लाइटमध्ये. पुढल्या वर्षी हे हात नसतील." एवढंच. बस आली, आम्ही चढलो, ती खालीच उभी.

म्हणून एक दिवस वलांडीखाली एक महोत्सववाला माणूस आला तेव्हा मला इतकं टेन्शन आलं. पांढरा शर्ट, दोन फोन. "मॅडम, शहराचा कार्यक्रम आहे, मोठा हॉल. तुम्ही उत्तनच्या ना? दहा मिनिटांचा कोळी डान्स द्या. टोपल्या, लुगडी, एकदम कलरफुल. गाणं आमच्याकडे आहे."

मला वाटलं ती आता याला समुद्रात ढकलते.

"कोळी डान्स पायजे ना?" ती म्हणाली. "देते. गाणं नको, माझं हाय."

तो गेल्यावर आम्ही तिच्यावर तुटून पडलो. टीचर, तू हो कसं म्हणालीस, ते तर ठुमके मागतायत. ती शांतपणे टोमॅटो पुसत होती. "मी कोळी हाय. आये कोळी हाय. आम्ही जे करू तो कोळी डान्स. कसला, ते त्याने विचारलं का?"

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी टेम्पोत दोन टोपल्या ताजे बोंबील, बर्फात. पुढे आजी, इस्त्रीचं लुगडं, ड्रायव्हरच्या गाडी चालवण्यावर कॉमेंट्री करत. हॉलच्या मागच्या गेटवर मॅनेजर उभा.

"मॅडम, मछली अंदर नहीं जाएगी. हॉल का रूल है."

"भैया, डान्स का सामान है."

"सामान है तो मछली क्यों है?"

टीचरने समजावलं, विनवलं, हो, विनवलं, मी ऐकलंय. तो म्हणाला, "मेरी नौकरी जाएगी, मॅडम." महोत्सववाला पळत आला. "अरे सोडा ना मासे. रिकाम्या टोपल्या घ्या डोक्यावर, आमचं गाणं लावतो, दोन राउंड मारा, झालं."

मी टीचरला अशी कधीच बघितली नव्हती. खांदे वर गेलेले, कुणी अहो न म्हणता.

आजी टेम्पोतून म्हणाली, "मंग मी काय करू? उतरू का बसू?"

तेव्हा किंजल अगदी हळू बोलली. "टीचर, मी तर नेहमी रिकाम्याच हाताने करते."

टीचरने तिच्याकडे बघितलं. मग टेम्पोपाशी गेली. "आये, बोंबील आत जात न्हाय. रिकाम्या हातानं लावशील?"

"येडी का काय? न्हाय त्या बोंबलाची जोडी कशी लागंल?"

किंजल तिच्यासमोर उभी राहिली आणि तीनदा करून दाखवलं. उचल, अडकव, टक. तिसऱ्या वेळी आजीने तिचं मनगट मध्येच पकडलं, जरा तोलून बघितलं, जसं बाजारात मासा तोलतात.

"वजन हाय," आजी म्हणाली. "चल."

टेम्पोवाल्याला सांगितलं, घेऊन जा, तुझ्या गल्लीत वाट.

स्टेजवर फक्त एक दोरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कडेला टोमॅटो. निवेदिका म्हणाली, आता आपलं सगळ्यांचं लाडकं कोळी नृत्य. लोकांनी शिट्ट्यांची तयारी केली. आजी आली. दोरीपाशी उभी राहिली. वाकली, दोन्ही हातांनी काही नाही ते उचललं, जबड्यात जबडा, टक.

मागे आम्ही चौघी, कोपरात कोपर, बाहेरच्या बाजूला पडत. दुसऱ्या मिनिटाला आवाज आलाच, "गाणं लावा रे." साउंडवाल्याने हात पुढे केला आणि बघितलं, तर शेजारी टीचर उभी, पिनेवर हात ठेवून. तिने काही केलं नाही. त्याने हात मागे घेतला.

दहा मिनिटं झाली. टोमॅटो वाजला. आम्ही जागच्या जागी थांबलो, सवयच ती.

आजी थांबली नाही.

"आये," टीचर विंगेतून हळूच म्हणाली.

आजी मागे वळलीसुद्धा नाही. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "दोरी भरली न्हाय अजून."

लोक हसले. मग आजी करतच राहिली तसे हसायचे थांबले. मी विंगेकडे बघितलं. जिने मला कधी दोन सेकंद दिले नाहीत, तिने टोमॅटो उचलला आणि खिशात टाकला. ती आजीच्या अंगठ्याकडे बघत होती. उजवा अंगठा अडकत होता. आजीने तो एकदा झटकला, लुगड्याला पुसला, आणि पुढची जोडी डाव्याने लावली. शेवटची लावून झाल्यावर तिने दोरीच्या खालून हात फिरवत नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठली सुटतेय का बघायला. एकही सुटली नव्हती. मग चालत आत गेली.

टाळ्या फार पडल्या नाहीत, खोटं कशाला सांगू. पण आम्ही आत पाणी पितोय तोवर मॅनेजर आला, लालबुंद. "मॅडम, मैंने हाथ जोड़ के बोला था ना."

"क्या हुआ?"

"चौथी लाइन से दो लोग उठ के गए. बोले मछली की बास आ रही है. किधर छुपाया?"

टीचर बाजूला झाली आणि हाताने खोली दाखवली, बघ. त्याने पडद्यामागे बघितलं, आमच्या बॅगा बघितल्या, गुंडाळलेली दोरी नाकाशी नेली. कोरी दोरी.

"तेरे को दिखी मछली?" टीचरने विचारलं.

"दिखी तो नहीं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मगर अम्मा लटका रही थी ना."

टीचर मटकन खाली बसली आणि इतकी हसली की तिला टेकायला भिंत लागली. आजीला कळेना. टीचरने सांगितलं की आये, लोकांना वास आला. आजी अंगठा चोळत म्हणाली, "येणारच. ताजे होते."

हॉलच्या दारात देशमुखकाका भेटले. सोसायटीला पास आले होते म्हणून आलेले. इकडे तिकडे बघून टीचरला म्हणाले, "ते कळलं वगैरे काही नाही मला. पण सुके बोंबील मिळतील का? अर्धा किलो. आज एकदम आठवण झाली."

"मिळतील. क्लबहाऊस मिळेल?"

काका हसले आणि पार्किंगकडे गेले. क्लबहाऊस आजतागायत मिळालेलं नाही. योगाला तीन माणसं येतात, मी मोजलीत.

त्यानंतर आजीने वलांडीचं काम सोडलं. दारात बसते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीला नावं ठेवते. पुढे शिक्षण संपल्यावर मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी बॅगेची चेन नीट करायला भाईंदरच्या केबिन रोडला गेले होते, आणि दोरी-सुतळीच्या दुकानासमोर टीचर दिसली. तोच शर्ट. दुकानदाराला तिने दोरीचं एक टोक धरायला लावलं होतं. "मजबूत है क्या?" असं विचारून गप्प बसणारी ती नव्हे. दोरी कमरेमागून घेऊन ती मागे पडली, सगळं वजन टाकून, भर रस्त्यात. दुकानदार गल्ल्यावरून ओढला गेला, मग त्यानेही पाय रोवले आणि मागे झुकला. चांगला जाडजूड माणूस. दोघं तसेच तोलून राहिले. मधल्या दोरीने रिक्षा अडली, तिच्यामागे स्कूटर, तिच्यामागे आणखी कोण कोण, सगळे हॉर्न मारतायत.

मी हाक मारणार होते. नाही मारली.

"मॅडम, छोडू?" दुकानदार म्हणाला.

"अभी नहीं," टीचर म्हणाली.